जफरच्या दोन चाचण्या

जफरला मारलं तेव्हा त्याचा उजवा हात वजनकाट्याच्या पोटात होता. दोन हजार सहा सालचा हिवाळा, नेरच्या बाजूचं एक कापूस खरेदी केंद्र, आणि गाड्यांची अशी रांग की मागच्या माणसाला चौथ्या दिवशीही काटा दिसत नव्हता. त्यात काटा अडकला, म्हणून यवतमाळहून मेकॅनिक बोलावला. तो हा जफर. त्यानं वरची पाटी उचलली, आत पाना घातला आणि काट्याचा आकडा थरथरला. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "काटा मारून राह्यला बे हा!" पुढे कोणी काही विचारलं नाही. बैलगाड्यांच्या उभाऱ्या, कडेचे ते उभे दांडके, उपसल्या गेल्या. पहिली पाठीवर बसली, दुसरी खांद्यावर, तिसरी बरोबर कपाळावर. कपाळाचं हाड आत गेलं. ज्यानं त्यांचाच काटा सरळ करायला हात घातला होता, त्यालाच त्यांनी फोडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे.

तो जगला. नागपूरला ऑपरेशन झालं, चार महिन्यांनी हिंडू-फिरू लागला, आणि मग घरात मारायला लागला.

मी ऋचा. यवतमाळात डॉक्टर सलीलांच्या मेंदूच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसते आणि माणसांची डोकी तपासते, सुईनं नाही, प्रश्नांनी. फोटोत जखम दिसते, पण त्या जखमेनं माणसातलं काय उचलून नेलं ते दिसत नाही. ते शोधायला मी, असं मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगायची. आमचे बाबा, नीळकंठराव, कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क होते. ते म्हणायचे, "हिच्या नाकावर राग आणि हातात शिक्का. देवच वाचवो."

सलीलांची चिठ्ठी एका ओळीची होती. 'बायकोला मारतो. मेंदू की स्वभाव?'

जफरबरोबर दोघं आली होती. बायको हुस्नाबी, डाव्या हाताची दोन बोटं दारात चेंगरलेली, डोळ्याखालचं काळंनिळं आता पिवळं पडत चाललेलं. आणि तिचा थोरला भाऊ इमरान, लोहाऱ्याला गॅरेज असलेला, दारातून वाकून आत येणारा धिप्पाड माणूस. त्यानं आल्याआल्या सांगून टाकलं, "मॅडम, डोकं बिघडलं असन तर आमी सोसू. पण मस्ती असन तर तसं लिहून द्या. माह्या बहिणीचा सवाल हाय."

"मॅडम," हुस्नाबी म्हणाली, "पह्यले पाच मिनिटं माह्यं ऐकता का?"

"नंतर," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं. बाहेर अकरा पेशंट होते आणि मला कोणी कसं काम करायचं ते शिकवलेलं आवडत नाही.

माझी खोली म्हणजे शांततेचा नमुना. कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद, फोन बाहेर, खिडकीला जाड पडदा. जफर समोर अदबीनं बसला. मी म्हणाले, "सुरू करा," की तो सुरू करायचा. मी म्हणाले, "थांबा," की थांबायचा. आकडे उलटे म्हणून दाखवले. ऐकवलेल्या पंधरा शब्दांतले तेरा अर्ध्या तासानंही सांगितले. कागदावर घड्याळ काढलं ते इतकं नेटकं की मला हेवा वाटला. तीन तासांत त्याचा आवाज एकदाही चढला नाही. उठताना म्हणाला, "तुमची कुर्सी डुगडुगते मॅडम. पुढच्या टायमाले पाना घेऊन येतो."

बाहेर आले तेव्हा हुस्नाबी पुन्हा उभी राहिली. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. संध्याकाळी अहवाल लिहिला. 'सर्व क्षमता सामान्य. मारहाणीला मेंदूच्या इजेचा आधार आढळत नाही.' खाली सही ठोकली, शिक्का मारला, कागद इमरानच्या हातात दिला आणि पोळ्या लाटायला घरी गेले.

तिसऱ्या दिवशी हुस्नाबी एकटी आली. पायात चप्पल नव्हती. तिनं माझ्या टेबलावर तो कागद आपटला. घडीच्या कडेला रक्त वाळलं होतं.

"वाचा," ती म्हणाली. "तुमीच लेयलं ना? मंग वाचा मोठ्यानं."

इमराननं तो कागद खिशात घालून ढाणकीहून दोन चुलतभाऊ बोलावले होते. तिघांनी जफरला अंगणात ओढला. इमराननं कागद वाचून दाखवला आणि मग तोंडावर पहिली लाथ घातली. दात पडले. जफर ओरडत होता, "म्या काय केलं, सांगा तं खरं!" त्यामुळे ते जास्तच चिडले. डॉक्टरीणबाईनं डोकं ठीक म्हणून लिहून दिलंय आणि हा नाटक करतो! शेवटी जफरचंच, काटे तपासायचं वीस किलोचं लोखंडी वजन इमराननं उचललं. दोघांनी जफरचा उजवा हात फरशीवर दाबून धरला. इमराननं वजन सोडलं. एकदा नाही, दोनदा. हुस्नाबी मध्ये पडली तर तिच्याही बरगडीत लाथ बसली. त्यांची सात वर्षांची पोर, नाजिया, हे सगळं न्हाणीच्या दारातून बघत होती.

"चार बोटं गेली," हुस्नाबी म्हणाली. "त्याच हातानं ते काटा लावत. तुमी मले पाच मिनिटं देल्ली असती तं!"

लाज वाटली, आणि ती लपवायला मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

"आता सांग," मी म्हणाले.

"ते केव्हा मारते माहीत हाय? एका वक्ती दोन गोष्टी झाल्या का. दूध उतू जाऊन राह्यलं, पोट्टी हाका मारून राह्यली, दारावर कोणी आलं. मंग त्याईले पुढं काय कराचं ते समजतच नाई. डोळे फिरते अन् हात उठते. अन् मी हळूच म्हटलं, 'थांबा, पह्यले दूध उतरवा,' का गाईवानी गरीब. दिवसभर सांगत राहा लागते. एखांद्या वक्ती मी चुकते, थकते, मंग मार खाते."

तिच्या बोलण्यात मला माझेच शब्द ऐकू आले. 'सुरू करा. थांबा. आता पुढचं.' तीन तास मीच त्याच्या कपाळाचं काम करत होते. जे कपाळ फुटलं, त्याच्यामागचा मेंदू माणसाला सांगत असतो आधी काय, मग काय, कुठे आवरायचं. त्याच्या बदली मी बोलत होते आणि वर त्यालाच मार्क देत होते. बंद खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याला. जे मला डिग्रीनं कळायला हवं होतं, ते या बाईनं मार खाऊन शोधून काढलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी त्याला पुन्हा बोलावलं. या वेळी दार उघडं, बाहेरच्या बाकावर हुस्नाबी. दवाखान्याच्या छोट्या ओट्याशी त्याला उभा केला. तिघांचा चहा करायचा, बरोबर अकरा वाजता टेबलावरचा फोन उचलायचा, मधल्या वेळात आत जाणारे पेशंट मोजायचे. सांगितलं एकदाच. मग मी गप्प बसले.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. डाव्या हातानं त्यानं साखर टाकली. प्लास्टरमधला उजवा हात छातीशी धरला होता. मग एक पेशंट आत गेला, तो मोजायला वळला. चहा वर आला. फोन वाजायला लागला. दुसरा पेशंट गेला. जफर जागच्या जागी फिरला, एकदा फोनकडे, एकदा गॅसकडे, एकदा माझ्याकडे. माझी जीभ शिवशिवत होती. एक शब्द पुरला असता. मी तो बोलले नाही.

त्याचे डोळे फिरले. उकळतं पातेलं माझ्या दंडावर आलं. मी किंचाळले, तेवढ्यात प्लास्टरचा हात कानशिलावर बसला आणि मी ओट्याच्या कोपऱ्यावर आपटले. त्यानं माझी वेणी मुठीत धरून डोकं भिंतीवर आदळलं. एकदा, परत एकदा. आपण मरतोय, एवढंच मला वाटलं. आणि फार भीती वाटली.

"थांबा," दारातून हुस्नाबी म्हणाली. अगदी हळू. "केस सोडा. आता गॅस बंद करा."

त्यानं केस सोडले. गॅस बंद केला. मग माझ्या दंडाकडे बघितलं. "मॅडम, हे म्या केलं?" तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याच्या प्लास्टरवर माझं रक्त होतं.

सलील मला फार बोलले. अशी परीक्षा घेतात का, म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. पण त्या दिवशी टाके पडलेल्या डोक्यानं मी चार पानं लिहिली. इजा कुठली, तिनं काय गेलं, काय शिल्लक आहे, हात कधी उठतो आणि कशानं खाली येतो. या माणसाला एका वेळी एकच काम सांगावं. गलक्यात एकटं सोडू नये. आणि हुस्नाबीनं मागितलेली एक ओळ, मोठ्या अक्षरात, नाजियाला पुढे वाचता यावी म्हणून: 'तुझे अब्बा हे मुद्दाम करत नाहीत.'

अहवाल घ्यायला ती इमरानला धरून घेऊन आली. "याले वाचून दाखवा. सगळं."

मी वाचलं. इमराननं मान वर केली नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, "मॅडम, पह्यला कागद बी तुमचाच होता ना?"

"हो."

"शिक्का बी हाच होता."

"हाच होता," मी म्हणाले. "चूक माझी. तुम्ही हात मोडलात, पण कागद मी दिला."

तो हुस्नाबीकडे वळला. "मंग आता याईले घरी नेतं ना तू? आजारीच हाय म्हणते हा कागद."

"नाई," हुस्नाबी म्हणाली. "मी नाजियाले घेऊन अम्मीपाशी ढाणकीले चालली."

"काहून? आता तं लेयलं ना, मुद्दाम नाई करत म्हणून!"

"मुद्दाम नसलं तरी हाड माह्यंच मोडते ना, भाई." ती रडत नव्हती. "मले फकत एवढंच पाह्यजे होतं का जाताना मनात त्याईच्यासाठी शिवी नसावी. ते झालं."

"अन् याईच्यापाशी कोण राहीन?"

तिनं त्याच्याकडेच बघितलं. इमरानला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि उठला.

बाहेर बाकावर जफर बसला होता. इमरान त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. हुस्नाबी मागून म्हणाली, "एकच सांग. अन् हळू सांग."

"दुल्हेभाई," इमरान म्हणाला, "उठा."

जफर लगेच उठला, आणि प्लास्टरमधला हात त्यानं पाठीमागे लपवला.