थंड मोल्डमधले बॉबिन

मोल्डिंग मशीन चालवणाऱ्या मल्हारीभाऊंना घरी बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मशीनवरचे बॉबिन लॅबमध्ये माझ्या टेबलावर आले. काळे, पीईटी प्लॅस्टिकचे. मोटरची तार गुंडाळायला लागतात ते. गिऱ्हाइकाकडे व्हार्निशच्या भट्टीत गेले की वाकडे होऊन बाहेर यायचे. अख्खा लॉट परत आलेला.

"मल्हारीने प्लॅस्टिकचा दाणा न वाळवता मशीनला मारला," सुनील साहेब म्हणाले. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. "तू डीएससी काढ, मटेरियल ओके लिही, संपव."

२००३ चा मे महिना. अंबड एमआयडीसी. लॅबचा एसी बंद, वीज कधी जाईल नेम नाही. झोप अर्धवट. माझा डिप्लोमाही अर्धवट. डीएससी ही टेस्ट मी मॅन्युअल वाचून शिकलो. काम तसं साधं असतं. प्लॅस्टिकचा कण अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत बंद करायचा, हळूहळू तापवायचा. तो कुठे किती उष्णता घेतो, कुठे सोडतो, त्याची रेघ कॉम्प्युटरवर येते. वितळायला जितकी जास्त उष्णता, तितके आत स्फटिक जास्त.

पीईटीला स्फटिक धरायला मोल्ड, म्हणजे साचा, चांगला गरम लागतो. थंड मोल्डमध्ये ते घाईत गोठतं, अर्धंकच्चं राहतं.

बॉबिनचा तुकडा लावला. रेघ वितळायच्या आधीच, एकशे पंधरा अंशांच्या आसपास उचलली. छोटा उंचवटा. म्हणजे मोल्डमध्ये व्हायचे राहून गेलेले स्फटिक आता माझ्या मशीनमध्ये तयार होत होते. तेवढी उष्णता वजा केली तर बॉबिनमधले मूळचे स्फटिक निम्मेच उरले. भट्टीत हेच झालं असणार. राहिलेलं तिथे जमलं, पीस आकसला, वाकला. दाणा ओला असता तर पीस ठिसूळ होऊन तुटला असता.

मग डबी हळू थंड केली, पुन्हा तापवली. दुसऱ्या रनला उंचवटा गायब. एकदा वितळलं की प्लॅस्टिक मोल्डमधलं सगळं विसरतं. आणि आमच्या रिपोर्टात कायम दुसराच रन जायचा. गोण्यांमधला दाणा तपासायला तोच बरोबर, म्हणून सगळ्यालाच तोच.

मी दोन्ही ग्राफ लावले.

"हे दोन कशाला?" साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "दुसरा जातो ना आपला?"

"दाण्याचा जातो साहेब. हा पीस आहे. मोल्ड थंड होता."

"तुझं प्रोबेशन चालू आहे ना रे अजून?"

"हो."

"मग पहिलं पान काढ."

"काढतो. पण मग सही तुम्ही करा. आणि पुढचा लॉट कोरडा दाणा मारून पाठवा. तोही वाकेल. मग कोणाला घरी बसवणार?"

मला वाटलं आता ओरडतील. ते खुर्चीत मागे टेकले, डोळे चोळले.

"मोल्डला गरम तेल देणारं युनिट जळलंय, ते मला माहीत नाही का? मागणी पाठवून थकलो. वरचे म्हणतात, थंड मोल्डमधून पीस लवकर निघतो, मग बरंच आहे की. गिऱ्हाईक विचारत होतं कोणाची चूक. कोणाचं तरी नाव द्यायचं होतं."

"मल्हारीभाऊंचं?"

"युनियनमध्ये नाही ना तो." आणि कागद माझ्याकडे ढकलले. "जाऊ दे. दोन्ही पाठव. मलाही कंटाळा आलाय."

दोन्ही गेले. गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरचा फोन आला, एकच प्रश्न : मोल्डचं टेंपरेचर किती होतं? साहेबांनी खरं ते सांगितलं. मग मात्र नवं युनिट आलं. मल्हारीभाऊंना त्यांच्या गावी, पेठला निरोप गेला.

आनंद वगैरे काही वाटला नाही. पुढच्या सॅम्पलांचा ढीग तसाच होता.

भाऊ एसटीने आले, सरळ मशीनपाशी. मी तिथेच उभा होतो.

"आता कुनाला काढलं?" त्यांनी विचारलं.

"कोणालाच नाही भाऊ. मोल्ड थंड होता, ते दिसलं टेस्टमध्ये."

"ते मी बोललोच व्हतो. तवा कोन ऐकत नव्हतं." राग नव्हता आवाजात. दमलेलेच होते. "पगार कापला का त्या दिवसांचा?"

"विचारतो साहेबांना."

"इचार." त्यांनी मोल्डजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. "लय तापलाय की रं. हातमोजं आन आधी, मग चालू करतो."

हातमोजे स्टोअरमध्ये नव्हते. मी पुन्हा सुनील साहेबांच्या केबिनकडे निघालो.