कुरुपाचं औषध

बेकरीत सगळे त्यांना उस्ताद म्हणत. भट्टीच्या दारासमोर नुसता हात धरून ती किती तापलीय ते सांगणारा हा माणूस एके दिवशी पाय फाकवून चालायला लागला, तेव्हा मैदा मळणारा जोडीदार म्हणाला, "उस्ताद, घोड्यावरून आलात की काय?"

उस्तादांनी ते हसण्यावारी नेलं. पण आतून जीव नुसता कळवळत होता.

झालं होतं असं, की आंघोळ करताना नाजूक जागी त्यांच्या हाताला बारीक, खरखरीत चामखिळी लागल्या. दुखत नव्हत्या, म्हणून त्यांनी कानाडोळा केला. पुढे त्या वाढल्या, एकमेकींना बिलगून फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या दिसायला लागल्या, तेव्हा मात्र ते घाबरले. दुसरं लग्न होऊन वर्षही उलटलं नव्हतं. पहिली बायको आजारपणात गेली होती. हिचा पहिला नवरा बाहेरख्याली निघाला, म्हणून ही लेकीला घेऊन वेगळी झाली होती. उतारवयाकडे झुकताना दोघांना कुठे घरपण सापडलं होतं, आणि त्यात हे!

औषधाच्या दुकानात खरं सांगायला जीभ रेटेना. "पायाला चामखीळ झालीय," असं सांगून त्यांनी कुरुपाचं औषध आणलं, बाथरूमची कडी लावली आणि ते भलत्याच जागी लावलं. पुढच्या क्षणी टॉवेल दातांत धरून ते बादलीवर ओणवे झाले. कातडी सोलून निघाली. चामखिळी मात्र जागच्या जागी!

त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. बायकोने चार दिवस ते पाहिलं. मग एका दुपारी शिवणयंत्रावरून उठून समोर येऊन उभी राहिली.

"मी नकोशी झालेय का तुम्हाला? तसं असेल तर तोंडाने सांगा. मला सवय आहे ऐकायची."

हे ऐकून उस्तादांना भरून आलं. अडखळत, खाली बघत त्यांनी सगळं सांगून टाकलं. बायको ऐकत राहिली आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"तुम्हाला वाटलं असेल, हे माझ्याकडून आलं."

खोटं बोलणं सोपं होतं. "वाटलं," उस्ताद म्हणाले. "मग वाटलं, माझंच काही असेल. पहिल्या लग्नाच्या आधी मीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो. डोकं चालेनासं झालंय बघ."

बायको पदराने डोळे पुसत आत गेली. उस्तादांना वाटलं, संपलं सगळं. पण ती पिशवी घेऊन बाहेर आली. "चला. डॉक्टरकडे. दोघंही."

त्वचारोगाच्या डॉक्टर नेमक्या बाई निघाल्या, त्याही उस्तादांच्या भाचीच्या वयाच्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र घसा तपासावा तसं शांतपणे तपासलं.

"भाजलंय ते आधी बरं करू. कुरुपाचं औषध इथे कधीच लावायचं नाही. चामखिळी मग गोठवून काढू. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात या. फार लोकांना होतो हा संसर्ग, कित्येकांना तर कळतही नाही."

"बेकरीतल्या संडासातून आला असेल का?" उस्तादांनी आशेने विचारलं.

"नाही हो. संबंधाच्या वेळी कातडीला कातडी लागते, त्यातून येतो. वर काही दिसत नसलं तरी पसरू शकतो. निरोधने धोका कमी होतो, पण सगळी कातडी काही झाकली जात नाही."

बायको पुढे सरकली. "कोणी कोणाला दिला, ते कळेल?"

"नाही कळत. अंगात शिरल्यावर चामखीळ उठायला कधी काही आठवडे लागतात, कधी काही वर्षं. आत्ता दिसली म्हणजे आत्ता कोणी बाहेर गेलं, असं नसतं. तुमच्या दोघांच्या लग्नाआधीचाही असू शकतो, आणि कोणाकडचा, ते कोणीच सांगू शकणार नाही."

"कॅन्सर?" उस्तादांनी हळूच विचारलं.

"चामखीळ आणणारे या विषाणूचे प्रकार वेगळे आणि कॅन्सर करणारे बहुतांशी वेगळे. तरी ताई, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी प्रत्येक बाईने वेळच्या वेळी करावी, ती तुम्हीही करा. चामखिळी काढल्या तरी विषाणू काही काळ राहतो, त्यामुळे त्या परत येऊ शकतात. घाबरायचं नाही, परत यायचं. बहुतेकांचं शरीर त्याला हळूहळू दाबून टाकतं. आणि घरात वयात येणारी मुलं असतील तर त्यांच्यासाठी या विषाणूची लस आहे."

बायकोला तपासलं, तिच्या अंगावर काही दिसलं नाही. बाहेर येऊन दोघं बाकावर बसली.

"मला वाटलं होतं, आज निकाल लागेल," ती म्हणाली. "कोणाचा तरी दोष निघेल."

"निघाला असता तर काय केलं असतंस?"

"रडले असते. मग स्वयंपाकाला लागले असते." तिला हसू आलं, आणि उस्तादांनाही.

पुढे चामखिळी गोठवल्या, गळून पडल्या आणि दोन महिन्यांनी एक पुन्हा उगवली. या खेपेला उस्तादांनी कडी लावली नाही. "अगं, आली बघ परत," म्हणत ते बाहेर आले. बायकोने सुई-दोरा बाजूला ठेवला आणि लेकीला हाक मारली. डॉक्टरकडे जायचंच होतं, तर तिच्या लसीचंही त्याच फेरीत उरकून घ्यायचं होतं.