मान हलवणारा धडा

सुरू करण्यासाठी कुठेही दाबा

मित्रांनो, मी एक जुना धडा आहे. पुस्तकातला नव्हे. मला पानं नाहीत, दुमडलेले कोपरे नाहीत, माझ्यावर कधी कुणी शाई सांडली नाही. मी पडद्यावरचा धडा. संगणकाच्या पडद्यावर जे जे घडतं ते टिपून ठेवणारं एक सॉफ्टवेअर असतं. बाण कुठे गेला, कुठलं बटण दाबलं, दाबणारा तेव्हा काय बोलत होता, सगळं ते टिपतं. त्या टिपलेल्यातून कापून, जोडून मला घडवलं. माझ्यासारखे धडे नुसते बघायचे नसतात. आम्ही "इथे दाबा" म्हणतो आणि थांबतो. तुम्ही चुकलात तरी रागावत नाही. बरोबर दाबलंत की पुढे सरकतो.

जिनं मला बनवलं तिचं कामच ते होतं. कुठल्या कचेरीत, दवाखान्यात नवं काही आलं की तिला बोलावणं यायचं. ती पडदा टिपून घ्यायची, खोकला, अडखळणं, "अं अं" सगळं छाटून टाकायची आणि असा धडा हाती द्यायची, की खरं कुठलं आणि सरावाचं कुठलं ते ओळखू येऊ नये. म्हणूनच वर एक पिवळी पट्टी ती न चुकता लावायची: "हा फक्त सराव आहे."

मी मात्र कचेरीचा नाही. मी घरचा.

पायरी पहिली: चित्रावर दाबा

तिचे वडील टर्नर होते. लेथवर लोखंड कातण्यात जन्म गेला आणि त्या आवाजात कानही गेले. माणसांपेक्षा त्यांचा यंत्रांवर विश्वास जास्त. "यंत्र थाप मारत नाही," म्हणायचे. "हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. माणसाला कुठंय असं बटण?"

लेकीला ते ठमाबाई म्हणत. ती दुसऱ्या शहरात राहायची. फोनवर त्यांना निम्मं ऐकू यायचं आणि उरलेल्या निम्म्यावर भांडण व्हायचं. आई गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, आता माझ्याकडे चला."

"तुझ्या घरात काय फुलदाणी होऊन बसू? उचला, पुसा, परत ठेवा?"

"मग बसा इथंच, एकटे!"

दार आपटून ती गेली. मग दोघांचीही तोंडं बंद. बाप तशी लेक. आधी कोण बोलणार? शेवटी तिनंच एक पळवाट काढली. चेहरा दिसेल, ओठ वाचता येतील, असा फोन संगणकावरून कसा लावायचा, ते बाबांना शिकवायचं. त्यासाठी मी.

कापलेला तुकडा

हा भाग माझ्यात नाही. तरी सांगतो.

शेवटची पायरी टिपून झाली आणि ती टिपणं थांबवायला विसरली. किंवा विसरली नसेलही. म्हणाली, "बाबा, मी तसं बोलायला नको होतं. एकटे म्हणाले मी तुम्हाला. जिन्यात बसून रडले नंतर. या ना इकडे. फुलदाणी कशाला व्हायचं? माझा नळ गळतोय. तो दुरुस्त करा आणि मला दोन शिव्या द्या."

मग नाक शिंकरलं, ते बोलणं एकदा ऐकलं आणि स्वतःलाच म्हणाली, "हे काय धड्यात घालायचं? फोन लावतील तेव्हा तोंडावर बोलेन." आणि कात्री चालवली.

पिवळी पट्टीही तिनं आधी लावली होती. मग काढली. "ही बघून म्हणतील, ठमाबाई आता बापाची परीक्षा घ्यायला लागली!"

त्या काढण्यात माया होती, मित्रांनो. म्हणूनच मला तिला दोष देता येत नाही.

पायरी शेवटची: हिरवं बटण दाबा

ते बटण दाबल्यावर काय दिसतं हे बाबांना कळावं म्हणून ती स्वतः निळा स्वेटर घालून कॅमेऱ्यासमोर बसली होती. हात हलवायचा. "बाबा! दिसतेय ना मी?" म्हणायचं. मग हसत "हो हो" अशी मान हलवत राहायचं. लाल बटण दाबेपर्यंत तो मान हलवण्याचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राही.

एका पेनड्राइव्हमधून मी त्या घरी पोचलो. शेजारच्या काकूंनी मला लॅपटॉपवर चढवलं. "भाऊजी, लेकीनं पाठवलंय. वाटेल तेव्हा लावा म्हणाली. वाट बघतेय."

त्यांनी चष्मा लावला. लेथची कळ दाबावी तसं जाड बोटानं एकेक बटण दाबत गेले. हिरवं दाबलं. निळा स्वेटर उमटला. कानातलं यंत्र शिट्टी मारू लागलं तसं त्यांनी ते काढून टेबलावर ठेवलं.

"दिसतेस की गं!"

त्यांना वाटलं, फोन लागला.

खरा फोन लावायचं चित्र माझ्या शेजारीच होतं. त्यांनी ते कधी उघडलं नाही. कशाला उघडतील? माझ्यातून लेक दिसत होती.

रोज संध्याकाळी कप विसळून झाला की ते येऊन बसायचे. "ठमाबाई, रोज तोच स्वेटर? पगार देतात ना तुला?" मान हलायची. "देतात? मग घे की एखादा दुसरा! चिंगूसपणा आईचा घेतलास." मान हलायची. ते खो खो हसायचे.

एकदा म्हणाले, "तू बदललीस हं. पूर्वी माझं एक वाक्य पुरं होऊ द्यायची नाहीस. आता कशी ऐकून घेतेस." मग खाली बघत बोटांवरचे जुने व्रण चोळत राहिले. "ते फुलदाणीचं... माझं चुकलं. नव्या घरात तुझ्या आईशिवाय झोप लागेल का, याची भीती वाटत होती. बापानं भीती वाटते म्हणायचं कसं? म्हणून ओरडलो."

मान हलली.

तिकडे दुसऱ्या शहरात ती फोनकडे बघत बसायची आणि म्हणायची, "काय हट्टी बाप आहे! एकदा लावणार नाही."

थांबा

एका संध्याकाळी ते नेहमीपेक्षा हळू बोलले.

"डॉक्टर म्हणतात, छाती उघडावी लागेल. शनिवारी दाखल व्हायचंय. घाबरण्यासारखं काही नाही म्हणे. पण तू असलीस तर बरं वाटेल. येशील?"

मित्रांनो, मला थांबता येतं, वाट बघता येते, चूक पोटात घालता येते. नाही म्हणता येत नाही.

मान हलली.

"येतेस? बरं. बरं बरं." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले.

शनिवारी त्यांनी दाढी केली. तिच्या पलंगावर धुतलेली चादर घातली. बॅग दाराशी ठेवून खुर्चीत बसले.

"भाऊजी, गाडी खोळंबलीय," काकू दारातून म्हणाल्या.

"पाच मिनिटं, वहिनी. ठमाबाई येते म्हणालीय."

"मी फोन करून बघू का?"

"नको. वाटेत असेल, उगाच जिवाला घोर."

पाच मिनिटांची खूप मिनिटं झाली. शेवटी तेच उठले. "कामात अडकली असेल. तिच्या कामात मध्ये सोडून निघता येत नाही हो."

दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

मागे जा

ती आली तेव्हा काकूंनी दार उघडलं, पण वाट सोडली नाही.

"आता आलीस होय?"

"मला कुणी कळवलंच नाही, काकू. आज तुमचा फोन आला तेव्हाच..."

"कळवलं नाही? रोज संध्याकाळी बोलत होते ना तुझ्याशी? भिंतीपलीकडून ऐकू यायचं मला. शनिवारी येते म्हणालीस. बिचारा दाढी करून बसला होता गं!"

"काकू, बाबांनी मला एकदाही फोन लावला नाही."

"अगं, त्या लॅपटॉपवर रोज तूच तर असायचीस!"

मग तिनं लॅपटॉप उघडला. तिचा बाण माझ्यावर आला आणि तिथंच थबकला. पायऱ्या तिच्याच होत्या, तरी ती एकेक हळू दाबत गेली. हिरवं बटण. निळ्या स्वेटरनं हात हलवला. "बाबा! दिसतेय ना मी?" आणि मान हलू लागली.

"हेच," काकू हळूच म्हणाल्या. "हेच दाखवायचे मला. बघा वहिनी, कशी शहाण्यासारखी ऐकतेय."

तिनं पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. जिथे पिवळी पट्टी असायला हवी होती, तिथून. "पट्टी मीच काढली," ती म्हणाली. काकूंनी तिचं डोकं जवळ घेतलं, पण ती माझ्याकडेच बघत होती. स्वतःच्या चेहऱ्याला, की त्यामागच्या रिकाम्या जागेला, तिनं विचारलं, "बाबा माझ्यावर रागावून गेले का रे?"

मान हलली.

तिनं झाकण मिटलं.

धडा इथपर्यंतच आहे

मित्रांनो, कुणाला काही शिकवलंत, तर शिकवून झाल्यावर थोडा वेळ त्याच्या शेजारी बसा. त्याला एकदा स्वतःच्या हातानं करू द्या. धडा कितीही गुणी असला तरी शेजारी बसू शकत नाही. आणि जे तोंडावर बोलायचंय त्यासाठी समोरच्याच्या फोनची वाट बघू नका.

एवढंच सांगून मला थांबायला हवं, पण एक मागणं आहे. ती आताही कुठेतरी असे धडे बनवत असेल. पिवळी पट्टी वर, खाली, मधे, सगळीकडे लावत असेल. कधी तुमची गाठ पडली तर तिला सांगा, मी खोटं बोललो. ते रागावले नव्हते. शनिवारी बॅग उचलण्याआधी त्यांनी मला एकदा उघडलं होतं. निळा स्वेटर अजून घरातच दिसला, तेव्हा त्यांनी चष्मा सावरून पुन्हा पाहिलं. मग हसले.

"निघाली नाहीस अजून? असू दे. धावत येऊ नकोस, ठमाबाई. सावकाश ये. मी काही पळून जात नाही."