खोलीतले मासे

"हलू नका हो, कानाला टोचेल," म्हणत तिने नवऱ्याच्या डोळ्यांवर तो काळा चष्मा चढवला. तो नाकावरून सारखा घसरत होता. तिचा हात शिवणकामाचा. दोन्ही काड्यांना इलॅस्टिक टाचून तिने तो डोक्यामागे घट्ट बसवून टाकला.

मुलीने नवा टीव्ही घेतला, म्हणून तिच्याकडचा जुना थ्रीडी टीव्ही चष्म्यांसकट इकडे आला होता. जावयाने तो पलंगासमोर लावला, समुद्राखालचा एक सिनेमा घालून दिला आणि "तेवढाच बाबांना विरंगुळा" म्हणून दोघं आपल्या घरी गेली.

नवरा बस कंडक्टर. डेपोत त्याला सगळे 'रेडिओ' म्हणायचे. घरी आला तरी तोंडाचा पट्टा चालूच. कोण प्रवासी काय म्हणाला, कोणाची छत्री राहिली, कोण झोपून शेवटच्या स्टॉपपर्यंत गेला. मशीन चालवता चालवता ती वैतागायची, "अहो, जरा तोंडाला कुलूप लावा की!"

अर्धांगाचा झटका आला आणि खरंच कुलूप लागलं.

"वाचा येईल हळूहळू. तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी," डॉक्टर म्हणाले. ती बोलत राहिली. शेजारची भांडणं, भाजीचे भाव, कोणाच्या पँटची चेन अडकली. तो छताकडे बघत पडून असायचा. आता घरातला रेडिओ तीच झाली होती.

पडद्यावर निळं पाणी पसरलं. तिनेही चष्मा लावला आणि दचकून मागे झाली. माशांचा थवा थेट पलंगावरच आला होता.

"अगं बाई!" ती वळली. नवऱ्याचा चांगला हात वर उठला होता. बोटं हवेत मासा चाचपत होती. आणि गालावर चक्क हसू होतं.

तिला भरून आलं. पण मागोमाग मनात आलं, इतके महिने घास भरवले, पाठ पुसली, घसा बसेपर्यंत बोलले. माझ्यासाठी कधी एक बोट हललं नाही यांचं?

ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"अहो, इकडे बघा ना. मी आहे."

त्याने मान डावीकडे केली, मग उजवीकडे. ओठ थरथरले. घशात खरखर झाली.

"स... सरक."

ती सरकली.

थोड्या वेळाने मुलीचा फोन आला. "आई, चाललाय ना गं टीव्ही नीट?"

"चाललाय. आणि ऐक, बाबा बोलले."

"काय सांगतेस! काय म्हणाले?"

तिने पलंगाकडे पाहिलं.

"मला हाक मारली."

मुलगी पलीकडे हुंदके द्यायला लागली. "वेडी कुठली, रडतेस काय," म्हणत तिने फोन ठेवला.

मग आपला चष्मा काढून ती भिंतीकडेच्या स्टुलावर जाऊन बसली. तिथून पडदा तिरपा दिसत होता, मासे दुहेरी, कडा फिसकटलेल्या. त्याचा चेहरा मात्र पुरता दिसत होता. त्याचा हात पुन्हा वर गेला, मूठ मिटली.

"सापडला का हो?" तिने विचारलं, आणि उत्तरासाठी थांबली.