चाप बदलून मिळेल

"तिला जरा सरळ धर ना. बरगडीत घुसतेय माझ्या," रूडी कुरकुरला. "एक पाय नेलास तेवढा पुरे नाही का?"

एल्मरने रायफल दुसऱ्या बाजूला कलती केली, म्हणजे माझ्या बाजूला. ट्रकच्या पुढच्या एकाच बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. मी गाडी चालवत होते, पलीकडे खिडकीशी माझा नवरा रूडी आणि मध्ये त्याचा थोरला भाऊ एल्मर. जुन्या गोधडीत गुंडाळलेली रायफल त्याच्या गुडघ्यांमध्ये उभी होती. लहान मूल दवाखान्यात न्यावं तशी त्याने ती धरली होती. मी रूडीकडे डोळे वटारून पाहिलं. तो बाहेरचा बर्फ बघत बसला.

त्या पायाचे विनोद रूडी रोजच करतो. लाकडाचा ओंडका घसरला की म्हणतो, सांभाळा रे, एकच उरलाय. सगळे हसतात, एल्मरही हसतो. लग्न होऊन या घरात आल्यावर मला हे कळायला बराच वेळ लागला, की आमच्याकडे विनोद करतात तो पुढचं बोलणं टाळायला.

झालं होतं ते असं. एल्मर एकोणीस वर्षांचा, रूडी सतरा. हरणांच्या शिकारीचा हंगाम नुकताच सुरू झालेला. संध्याकाळी दोघं जंगलातून ट्रकपाशी परत आले आणि एल्मर रायफलीतल्या गोळ्या काढायला लागला. त्या जातीच्या रायफलीत सेफ्टी, म्हणजे चाप अडवून धरणारी खिटी, लावलेली असली की गोळ्या घालायचा-काढायचा दांडा, बोल्ट, उघडत नसे. गोळ्या काढायच्या तर आधी सेफ्टी काढावी लागे. एल्मरने ती अंगठ्याने पुढे सरकवली आणि रायफल उडाली. रूडी समोर उभा होता. गुडघ्याखालचा पाय गेला.

रूडी हॉस्पिटलमधून घरी आल्यावरच्या पहिल्या शनिवारी एल्मर सौनात, आमच्याकडच्या वाफेच्या न्हाणीघरात, वडिलांना म्हणाला, मी चापाला हात लावला नव्हता. वडिलांनी पळीभर पाणी तापल्या दगडांवर ओतलं. चर्र झालं, वाफ उठली, आणि विषय त्या वाफेतच राहिला. त्याला कोणी दोष दिला नाही. तुझा दोष नव्हता असंही कोणी म्हटलं नाही. हे मला एल्मरनेच सांगितलं. रूडी यातलं अक्षर काढत नाही.

आमच्या शिकारीच्या कॅम्पवर एक जुना नियम आहे. बंदुकीच्या बाबतीत जो हलगर्जीपणा करेल, त्याने हंगाम संपेपर्यंत सगळ्यांची भांडी घासायची. पुढच्या नोव्हेंबरला हंगाम सुरू झाला तसा एल्मर कोणी न सांगता बाह्या सारून मोरीपाशी उभा राहिला. कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून पुरे म्हणायलाही कोणाला सुचलं नाही. तेव्हापासून तो कॅम्पवर स्वयंपाक करतो आणि भांडी घासतो. रायफल त्याने पुन्हा उचलली नाही, पण दरवर्षी तिला तेल लावून ठेवतो. रूडी खोट्या पायावर मचाणापर्यंत जातो आणि हरीण पाडतो. एल्मर ते बर्फातून ओढून आणतो. मग रूडी म्हणतो, पॅनकेक आज वातड झालेत.

एल्मरने लग्न केलं नाही. निवृत्त होईपर्यंत तो काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. नियमाने आधी मोठा रस्ता मोकळा करायचा असतो. हा आधी आमच्या दारातला बर्फ काढायचा. रूडीचा पाय घसरायला नको. पहाटे त्याच्या ट्रकच्या फाळाचा खरखराट ऐकू आला की रूडी डोळेही न उघडता "आला शहाणा" म्हणायचा आणि कूस बदलून असा गाढ झोपायचा, की मला दोघांचाही हेवा वाटायचा.

आणि मग कोर्टातला एक दावा मिटला. कुठल्या कुठल्या राज्यांतल्या लोकांनी एकत्र येऊन रायफलीच्या कंपनीवर तो लावला होता. त्यांचं म्हणणं, रायफली चापाला हात न लावता उडतात. वर्षानुवर्षं रेंगाळून शेवटी तडजोड झाली. ज्याच्याकडे त्या जातीची रायफल असेल, त्याने ती ठरवून दिलेल्या दुकानात न्यावी, चाप फुकट बदलून मिळेल. कंपनीने आपली काही चूक असल्याचं मात्र कबूल केलेलं नाही. रेडिओवर हे ऐकलं आणि मला हसू आलं. आमच्या कांगस घराण्याचा कारभार तरी वेगळा काय आहे? मोडलं ते गुपचूप भरून द्यायचं, तोंडाने कबूल काही करायचं नाही.

मला वाटलं होतं, ही बातमी ऐकून एल्मर सुटला. झालं उलटंच. चाप बदलून घ्यायची मुदत संपत आली तसा तो एकदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी पेस्टीत, आमच्याकडच्या मोठ्या खाऱ्या करंजीत, भरायला बटाटे चिरत होते. तोही सुरी घेऊन चिरायला लागला. दोन-तीन बटाटे चिरून झाल्यावर म्हणाला, "नवा चाप घेऊन मी काय करू? बंदुकीच्या दुकानातल्या गॉर्डीने तो जुना एकदा बघावा, एवढंच. काय झालं ते आता मलाच आठवत नाही गं. इतकी वर्षं सगळे गप्प आहेत, की वाटतं, लागलंही असेल बोट."

म्हणून आम्ही आज गॉर्डीच्या दुकानात निघालो होतो. रूडी स्वतःहून ट्रकमध्ये येऊन बसला होता. का, ते मी विचारलं नाही.

गॉर्डीने रायफल काउंटरवर घेतली आणि रिकामी असल्याची दोनदा खात्री केली. एल्मरने विचारलं, काढायच्या आधी बघशील का, आपोआप उडते का ते. गॉर्डीने बोल्ट मागेपुढे केला, सेफ्टी लावली, काढली. काहीच नाही. पुन्हा लावली, काढली. रबरी हातोडीने ठोकून बघितलं. सेफ्टी हळू सरकवली, झटक्याने सरकवली. एल्मर काउंटरवर दोन्ही हात टेकून असा ऐकत होता, जसा डॉक्टर छातीला नळी लावतो तेव्हा आपण त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. चापाला हात न लावता उडाल्याचा तो एक 'टक्' हवा होता त्याला. तो काही आला नाही.

रूडी मासे पकडायच्या गळांपाशी पाठ करून उभा होता. भर हिवाळ्यात त्याला गळ कशाला हवे होते, कोण जाणे.

गॉर्डी मनाचा चांगला. म्हणाला, यावरून काही ठरत नाही. याच जातीची एखादी एकदा उडते आणि मग पुन्हा कधीच उडत नाही. तेच तर यांचं दुखणं आहे. एल्मरने मान डोलावली. पुढे रस्ता बंद आहे म्हटल्यावर डोलवायचा, तशी.

"म्हणजे बोट माझंच होतं," तो म्हणाला. आमच्यापैकी कोणाला नाही, काउंटरलाच म्हणाला असावा. त्या आवाजात तक्रार नव्हती. मला वाटलं, आता हा असाच घरी जाईल, पुढच्या नोव्हेंबरला मोरीपाशी उभा राहील, आणि मनातल्या मनातही पुन्हा कधी विचारणार नाही.

गॉर्डीने पेचकस उचलला. जुना चाप कंपनीकडे परत जातो, ठेवता येत नाही, काढू ना, असं त्याने विचारलं. एल्मर म्हणाला, काढ.

"थांब," रूडी म्हणाला.

तो लाकडी जमिनीवर पाय आपटत काउंटरपाशी आला. आता हा काहीतरी विनोद करणार म्हणून मी त्याच्या बाहीला हात घातला. त्याने तो सोडवला.

"तुझ्या उजव्या हातात हातमोजा होता," तो एल्मरला म्हणाला. "हरणाच्या कातड्याचा, आत लोकरीचा. तो घालून चापाच्या कडीत बोट शिरतच नाही. नंतर तू तोच काढून माझ्या पायावर दाबून धरलास, म्हणून तुझ्या हातात तो कोणी पाहिला नाही. पण मी समोर उभा होतो. मी पाहिला होता."

गॉर्डी पेचकस हातात घेऊन मागच्या खोलीत निघून गेला.

"आधी का नाही बोललास?" एल्मरने विचारलं. अगदी हळू.

"तू त्या वसंतात जहाजावर नोकरीला जाणार होतास. पेटीसुद्धा भरली होतीस." रूडीने काउंटरची कड घट्ट धरली. "मी सतरा वर्षांचा, पलंगावर पडून. वाटलं, बोललो तर हा जाईल. मग एक वर्ष गेलं, मग दुसरं. मग कसं बोलायचं तेच कळेना. तुझी काही चूक नव्हती, एल्मर. मला तू इथेच हवा होतास."