एवढा मोठा तवा

"एवढा तवा होता बघ विंचूरला, आमच्या शेजारणीकडं," असं म्हणून आत्याबाईंनी दोन्ही हात छातीसमोर पसरून दाखवले, आणि त्या रात्रीपासून तो तवा माझ्या झोपेत शिरला.

स्वप्नात तो विहिरीतल्या पाण्यासारखा काळा आणि शांत असायचा. आम्ही सगळे त्याच्याभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसलेलो असायचो, मधून वाफ वर जायची, आणि आत्याबाईही आमच्यात बसलेल्या असायच्या. त्या बसलेल्या दिसल्या की मला कळायचं, हे स्वप्नच आहे.

कारण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सुलाबाई, जेवताना आमच्यात कधी बसल्याच नाहीत. सातपूरला आमच्या दोन खोल्या. आमचे हे आणि धाकटे दीर भिकन, दोघे वेगवेगळ्या कारखान्यात, वेगवेगळ्या पाळीला. दोघांची सुट्टी एकत्र आली की घरात धिरडी. आत्याबाईंच्या धिरड्यांचं नाव साऱ्या चाळीत होतं. पण तवा तळहाताएवढा. एक उतरलं की भिकनच्या ताटात, दुसरं ह्यांच्या, तिसरं माझ्या, आणि पुन्हा भिकनच्या. "तुम्ही खा रे, मी घेईन नंतर," असं म्हणत त्या शेवटी पातेलं खरवडून एक धिरडं घालायच्या, स्टोव्ह पुसायच्या, ओटा पुसायच्या आणि गार झालेलं ते भिंतीकडे तोंड करून खायच्या.

मी स्टोव्हशी उभी राहिले तर दंडाला धरून बाजूला करायच्या. "तुझी उलटताना मोडतात." खरंच मोडायची, म्हणून तर जास्त राग यायचा. मला त्यांचा राग यायचा, आयते खाणाऱ्या दोघांचा यायचा आणि तव्याचाही यायचा. त्यातल्या त्यात तवा बदलणं सोपं होतं. सगळ्यांची धिरडी एकदमच उतरली तर ही बाई उभी कशासाठी राहील?

मी आत्याबाईंना पुन्हा हात पसरायला लावले, त्या अंतराची सुतळी तोडून घेतली आणि भांडी बाजार गाठला. भर दुपारी त्या गल्लीत तांब्यापितळेवरून असं ऊन परतत होतं की मला पुन्हा झोप लागल्यासारखं वाटलं. पराती होत्या, घंगाळं होती, लग्नाची तपेली होती. तवा मात्र भाकरीपुरताच.

"घरात कार्य काढलंय का?" सुतळी बघून एका दुकानदारानं विचारलं.

"नाही हो. सासूबाईंना जेवायला बसवायचंय."

"मग पाट न्या की!" तो म्हणाला. मी तिथून तणतणत निघाले.

तवा सापडला बुधवारच्या बाजारात, गोदावरीच्या काठी, गोजराबाई घिसाडणीकडे. खरं तर सापडला नाही, घडवून घेतला. मी तिच्या जाड पत्र्यावर सुतळी ठेवली. तिनं ती बोटांनी ओढून पाहिली.

"कोनाच्या हाताचं माप हाय?"

"सासूबाईंच्या. लहानपणी पाहिलेला तवा आहे."

"मंग जरा कमी करते. ल्हानपनी समदंच मोठं दिसतं," असं म्हणून ती हसली. पुढच्या बुधवारी तवा तयार होता. बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले तेव्हा उन्हानं तापलेलं लोखंड लुगड्यातून लागत होतं, आणि मला जागेपणी स्वप्न पडत होतं.

तेल लावून, कापलेला कांदा घासून, तापवून तापवून मी तो काळा केला. सुट्टी आली. तवा स्टोव्हवर ठेवला तर खाली स्टोव्ह दिसेना. चार धिरडी घातली. मधला भाग चुर्र झाला, कडेचं पीठ मात्र पांढरं ते पांढरंच. जाळच पोचेना.

"वहिनी, ह्याला आमच्या कारखान्याची भट्टी लागेल," भिकन म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. तुम्ही बसा, मी मधोमध एकेक काढते," आत्याबाई म्हणाल्या.

मला रडूच आलं. मग रडण्याचा राग आला. पीठ खरवडून काढलं, फडक्यानं तवा उचलला आणि थेट अंगणात गेले. तीन दगड मांडले. खोक्याच्या फळ्या ह्यांनी फोडून दिल्या. संध्याकाळच्या धुरात जाळ तव्याखाली ऐसपैस पसरला आणि चारही धिरडी एकदम जाळीदार झाली.

"ताटं आणू?" भिकननं विचारलं.

"काही नको. तव्याभोवती बसा."

आत्याबाई उलथनं धरून उभ्याच होत्या. चारही उलटून झाली होती. वाढायला ताटं नव्हती, पुसायला ओटा नव्हता. त्या इकडेतिकडे बघत राहिल्या. मी पदर धरून त्यांना खाली ओढलं, तेव्हा त्या बसल्या.

त्यांनी आपल्यासमोरच्या धिरड्याची कड मोडली. फुंकर मारली, तोंडात घातली आणि चावता चावता थांबल्या.

"लता, हे असं कुरकुरीत लागतं व्हय?"

भिकनचा हात तव्याशीच थांबला. ह्यांनी मान खाली घातली.

मग ह्यांनी आईच्या हातातून उलथनं घेतलं आणि पुढचं पीठ घातलं. उलटताना पहिल्याच धिरड्याचे तीन तुकडे झाले.

"मोडलं," मी म्हणाले.

"मोडू दे," आत्याबाई भरल्या तोंडानं म्हणाल्या आणि त्यातला तुकडा उचलला. "गरम हाय."