पाचवीतली मोठी मुलगी

शाळांचे गणवेश शिवण्यावर आमचं घर चालतं. पुढच्या खोलीत मशीन, मागे स्वयंपाकघर, आणि माणसं दोनच, मी आणि माझी लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला मी चिमणी म्हणायचे. दहाव्या वर्षी ही चिमणी माझ्या खांद्याच्या वर गेली आणि त्याच वर्षी तिला पाळी आली. पॅड कुठे ठेवलेत, कसं लावायचं, हे मी पाच मिनिटांत उरकलं. ‘आता नीट वागायचं, मोठी झालीस,’ म्हणून बाहेर पळाले. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

ती पोक काढून चालायला लागली. शाळेतल्या शर्यतीच्या वेळी कुणाच्या तरी आईने तिच्या वयाचा दाखला मागितला, तेव्हापासून तिने धावणंच सोडलं. सकाळी पोट दुखतंय म्हणून पडून राहायची. मी म्हणायचे, “एवढी घोडी झालीस नि नाटकं कसली करतेस?”

मग तिला दहावीतली एक मैत्रीण मिळाली. पोरगी हसायला लागली, मला हायसं वाटलं. पुढे घरी यायला उशीर होऊ लागला, थापा सुरू झाल्या. मी ओरडले की धाडकन दार लावून घ्यायची.

एका दुपारी दवाखान्यातून फोन आला. स्कूटर वळणावर घसरली होती. चालवत होती ती मैत्रीण, परवाना नसताना. तिची हनुवटी खरचटली आणि मागे बसलेल्या माझ्या लेकीचं मनगट मोडलं.

डॉक्टरीणबाई प्लास्टर घालता घालता तिला झापत होत्या. “दहावीतल्या मुलीला एवढी अक्कल नको?”

“मी पाचवीत आहे,” ती पुटपुटली.

बाईंचा हात थांबला. त्यांनी स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसल्या. “अगंबाई! मग सगळे तुला मोठी समजतात, तेव्हा कसं वाटतं गं?”

तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती हमसून हमसून रडली. इतकी रडताना मी तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

निघताना बाई मला म्हणाल्या, “शरीर पुढे गेलंय, मन दहा वर्षांचंच आहे. अशा मुली एकट्या पडतात, मग मोठ्यांच्या मागे लागून नको ते करून बसतात. तिचं वय विसरू नका.”

विसरले होते मीच.

त्या संध्याकाळी मी मशीनवर झाकण घातलं आणि तिला भरवायला बसले. दोन घास झाल्यावर ती म्हणाली, “आई, मला मोठं नव्हतं व्हायचं. तू पण रागावतेस.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “तू दहाचीच आहेस. मी पुन्हा घोडी म्हणाले तर खुशाल चिमटा काढ.”

तिने लगेच काढला. “सरावासाठी,” म्हणाली.

चार दिवसांनी ती मैत्रीण दारात आली, हनुवटीला पट्टी लावलेली. मी तिला पहिल्यांदाच नीट पाहिलं. सोळाची पोर, पण सातवीतली वाटावी अशी काडी.

“काकू, सॉरी. ती दहाची आहे हे मला माहीत होतं,” ती मान खाली घालून म्हणाली. “माझं अजून काहीच सुरू झालेलं नाही. वर्गातल्या मुली मला बाळ म्हणतात. हिच्याबरोबर असले की मी ताई असते, कुणी तसं म्हणत नाही.”

तिला फैलावर घ्यायचं मी ठरवून ठेवलं होतं. पण माझीही पाळी सोळाव्या वर्षी आली होती, आणि तोवर मैत्रिणींना मी दर महिन्याला खोटं सांगत होते. ते मी त्या दोघींना सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

“खरंच?” दोघी एकदम म्हणाल्या.

“खरंच. डॉक्टरीणबाईंना एकदा विचारून येऊ तुझंही, पण आधी तुझ्या आईशी बोलते. आणि स्कूटरला पुन्हा हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे.”

तिने मान डोलावली. लेकीने डाव्या हाताने कपाटातून लुडो ओढून काढला. मी कापायला घेतलेलं कापड बाजूला सारलं आणि तिघी फरशीवर बसलो.

“आई, तू हिरवी. आणि चीटिंग करायची नाही.”